डेपो बंद झाला, तरी डोंगर का बसतो?

प्रश्न : आमच्या शहराचा जुना कचरा डेपो चार-पाच वर्षांपूर्वी बंद करून वर माती टाकली. तेव्हापासून डोंगर चांगलाच बुटका झालाय. कडेची भिंत तडकली, वर पावसाचं तळं साचतं. आता तिथे उद्यान आणि मंगल कार्यालय करायचं घाटतंय. कचरा एवढा खाली जातो कसा? आणि बांधकाम करावं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या घनकचरा विभागात झाली, म्हणून संपादकांनी हे पत्र माझ्याकडे धाडलं. आधी भिंत. तिचा पाया बहुधा अर्धा मूळ जमिनीवर, अर्धा कचऱ्यावर असणार. जमीन जागची हलत नाही, कचरा खाली जातो, भिंत मधोमध फाटते. अख्खा डोंगर एकसारखा मीटरभर खाली गेला असता, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ताज्या कचऱ्यात पोकळीच फार असते. पिशव्या, खोकी, शहाळी, फाटक्या गाद्या. पातळ थर पसरून त्यावर दातेरी लोखंडी चाकांचा कॉम्पॅक्टर फिरवला, तर एका घनमीटरात साधारण 600 ते 900 किलो माल मावतो. 2000 सालच्या सरकारी घनकचरा नियमांतही हेच होतं : पातळ थर, दाबणं, रोज वरून किमान 10 सेंटिमीटर माती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मात्र डोझर यायचा आणि ढीग कडेला ढकलून जायचा. (ठेकेदाराचं बिल वजनकाट्यावरच्या टनांवर निघतं, दाबण्याचे वेगळे पैसे कोण देतो?) असा भुसभुशीत ढीग पुढे स्वतःच्याच वजनाने दबतो आणि बारीक माती मोठ्या फटींत उतरते. हे दबणं बरंचसं पहिल्या काही महिन्यांत उरकतं.

कुजण्याचं तसं नाही, ते वर्षानुवर्षं चालतं. आपल्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला माल असतो. आतली हवा संपली की जंतू त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड काढतात, पाणी काळं लिचेट होऊन तळाला झिरपतं. जो माल वायू होऊन उडाला त्याची जागा रिकामी होते, आणि वरचा भार तिथे उतरतो. नीट दाबलेला भरावसुद्धा काही दशकांत उंचीच्या 15 ते 30 टक्के बसू शकतो.

पाणी नसेल तर कुजणं रखडतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या विल्यम राथजे यांनी कचऱ्याचे भराव खणले, तेव्हा कित्येक वर्षं पुरलेली वर्तमानपत्रं वाचता येत होती. थर कोणत्या सालचा, हे त्यांवरच्या तारखांवरून ठरवता आलं. आपल्याकडे उघड्या डेपोत दर वर्षी अख्खा पावसाळा मुरतो, त्यामुळे कुजणं वेगात होतं. पण एकाच डेपोत इथे भाजी मंडईचा माल, तिथे राडारोडा. मंडईचा भाग खचतो, राडारोडा तसाच राहतो. तुमचं तळं असंच तयार झालं असावं. ते साचू देऊ नका. चिरलेल्या मातीतून तेच पाणी आत जातं, कुजणं वाढतं, खड्डा आणखी खोल होतो. पावसाळ्याआधी चिकण माती भरून, दाबून, उतार पुन्हा काढून घ्यावा, आणि हे दर वर्षी करावं लागेल.

उद्यानाला माझी हरकत नाही. मुंबईत गोराईचा डेपो बंद करून, मातीने झाकून, वायू काढण्याची सोय करून हिरवा केलाच की. पायवाटा काँक्रीटच्या नकोत, पेव्हर ब्लॉकच्या करा, खचल्या तर उचलून पुन्हा बसवता येतात. पाण्याच्या नळांना लवचीक सांधे द्या. वड-पिंपळ लावू नका, मुळं मातीचं आवरण फोडतात.

मंगल कार्यालयाला मात्र स्पष्ट नकार. 2016 च्या घनकचरा नियमांत अट होती की बंद भरावाच्या जागेचा वस्तीसाठी विचार 15 वर्षं देखरेख ठेवल्यावरच करावा, तोही वायू, लिचेट आणि जमिनीची स्थिरता तपासून. शिवाय हवेत 5 ते 15 टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरते, आणि बंद खोलीत तो साचायला वेळ लागत नाही. कार्यालयात तर आचाऱ्याची भट्टी पेटणार.

सभेत ठराव येण्याआधी पालिकेकडे डेपोच्या लेव्हलची नोंदवही मागा. ठरावीक खुणा दर वर्षी किती खाली गेल्या, ते तिच्यात दिसेल. नोंदवहीच नसेल, तर आधी खुणा रोवायला लावा.