भावासाठी मदत मागताना

भावाच्या पायाच्या दुखण्यासाठी वर्गणी कशी मागायची विचारलंस, तर ऐक. कॅन्सर म्हटलं की लोक लगेच खिशात हात घालतात. ‘दोन वर्षं पाय दुखतोय’ म्हटलं की मात्र ‘दिसतोय की बरा’ असं ऐकावं लागतं. माझ्या पोरीच्या वेळी बेळगावजवळच्या येळ्ळूरला हेच झालं. म्हणून दुखणं समजावत बसू नकोस, काय बंद पडलं ते सांग. त्याचं कॉलेज सुटलं. पायावर चादरसुद्धा सोसत नाही.

डॉक्टरांकडून निदान आणि खर्चाचा अंदाज लेटरहेडवर घे. नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन), फिजिओथेरपी, गाडीभाडं, सगळं वेगवेगळं लिहून. मी सरसकट दोन लाख मागितले, ते सहा महिन्यांत संपले आणि पुन्हा त्याच दारात जायची लाज वाटली. हे काय एका ऑपरेशनात मिटणारं दुखणं नव्हे. वीस घरांनी दरमहा ३०० दिले तर ते जास्त उपयोगी.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांसाठी फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, तेही विचारून ये. पण रोजच्या गोळ्या, फिजिओ यात सहसा बसत नाहीत. वर्गणी त्यासाठीच ठेव.

क्यूआर कोड भावाच्याच खात्याचा लाव, मंडळाच्या पोरांचा नको. कुणी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळायची, पावती मागितली तर सरळ सांग, व्यक्तीला दिलेल्या पैशावर ती सूट नसते. रिपोर्टचा फोटो टाकताना आधार नंबर, पत्ता झाक. आणि आधी त्याला विचार गं, दुखणं त्याचं आहे.