भीती, शंका की चिंता?

प्रश्न असा: स्पेस शटलच्या रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांबद्दल इंजिनिअर रॉजर बोझोले यांनी ३१ जुलै १९८५ला वरिष्ठांना टिपण दिलं. त्यात ‘प्रामाणिक आणि अगदी खरी भीती’ अशा अर्थाचे शब्द आहेत. तांत्रिक टिपणाच्या भाषांतरात ‘भीती’ फार हळवी वाटते, ‘शंका’ किंवा ‘चिंता’ चालेल का?

माझं मत, भीतीच ठेवा.

शंका फिटते, कुणी नीट समजावलं की संपली. बोझोलेंना समजूत नको होती, त्या सांध्यावर काम करायला माणसं हवी होती. चिंता हल्ली फक्त ‘व्यक्त’ होते आणि फायलीला लागते. ‘धास्ती’ जवळची आहे खरी, पण धास्ती माणूस ‘घेतो’. ‘उगाच धास्ती घेऊ नकोस’ म्हटलं की दोष घेणाऱ्याच्या पदरात. आणि ‘धोका’ लिहिलंत तर वाक्यातून माणूसच गायब.

क्रियापद मात्र जपून निवडा. ‘दरड कोसळण्याची भीती आहे’ असं पावसाळ्यात रोज छापून येतं. तिथं कुणी घाबरलेलं नसतं, तो अंदाज असतो. ‘वाटते’ म्हटलं की ‘मला’ लागतो, म्हणजे सही करणारा लागतो. इथं ‘वाटते’च हवं.

‘वाटणं’ म्हणजे कच्चं, असं आपण उगाच धरून चालतो. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी आमचा मिस्त्री म्हणाला होता, “साहेब, ह्या टेकूचा भरवसा वाटत नाय.” का, ते त्याला सांगता येईना. टेकूखालची फळी उचलली तर खाली ओला भराव.

२७ जानेवारी १९८६च्या रात्री, थंडीत उड्डाण नको म्हणणाऱ्या बोझोलेंनाही फोनवरच्या बैठकीत आकडा मागितला गेला. आकडा देता येत नाही, पण हे वाईटाकडे चाललंय एवढं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे शटल उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले.

त्याच रात्री, ही रॉकेटं बनवणाऱ्या बोझोलेंच्या कंपनीतल्या एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षाला सांगितलं होतं, की इंजिनिअरची टोपी उतरव आणि व्यवस्थापकाची चढव. पुढे हे वाक्य भाषांतराला येईलच. तिथं ‘टोपी घाल’ लिहू नका, मराठीत त्याचा अर्थ फसवणं होतो. तसा तो फार चुकीचाही ठरणार नाही म्हणा.