बिटकॉइन द्यावेत की विकून पैसे?

प्रश्न: वय ५४. मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी एका संस्थेला तीन वर्षं मदत करायचा शब्द दिला आहे. बिटकॉइन थेट द्यावेत की विकून रोख? (बचत १०० धरली तर बँकेत ३०, बिटकॉइन ३०. उरलेले ४० सल्लागाराने ‘सामाजिक टोकन’ नावाच्या डिजिटल नाण्यात घातले. महिना २ टक्के व्याज, त्यातले निम्मे समाजकार्याला. व्याज टोकनमध्येच जमा होतं. शिष्यवृत्ती वर्षाला १०.)

ताई, संस्था कॉइन स्वीकारून लगेच विकत असेल तर थेट द्या; काही देशांत नफ्यावरचा कर त्यामुळे वाचतो. नाहीतर विकून द्या. यात वावगं काही नाही. २०१७-१८ मध्ये ‘पाइनअ‍ॅपल फंड’ नावाखाली एका अनामिक दात्याने ५,१०४ बिटकॉइन वाटले होते.

माझं डोकं फिरलं ते कंसातल्या मजकुराने.

महिना २ म्हणजे चक्रवाढीने वर्षाला २७ टक्के, तीन वर्षांत दुप्पट. असा धंदा ज्याच्या हाती आहे, तो तुमच्याकडे पैसे मागायला कशाला येईल? ‘अँकर’ ही क्रिप्टो ठेव योजना वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास देत होती. मे २०२२ मध्ये त्यामागचं टेरा हे क्रिप्टोचलन कोसळलं आणि लोकांची मुद्दलही गेली. ‘सामाजिक’ हा शब्द पुढे चिकटवला म्हणून गणित बदलत नाही. समाजकार्याचा वाटा कुठल्या संस्थेला गेला? एक तरी पावती पाहिलीत? सल्लागाराचं कमिशन किती, तेही विचारा.

आणि टोकनमधलं व्याज हा नुसता पडद्यावरचा आकडा. २०२१ मध्ये इथेरियम या क्रिप्टो-जाळ्याचा सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन याने भारताच्या कोविड मदतीसाठी अब्जभर डॉलर किमतीची ‘शिबा इनू’ ही क्रिप्टो नाणी दिली, तेव्हासुद्धा विकताना तेवढे पैसे हाती आले नाहीत. तुमचं टोकन तर कोणी ऐकलेलंही नाही.

म्हणून ते ४० शून्य धरा. मग बचत उरते ६०, आणि त्यातले ३० तुम्ही देऊन बसलात. तेही बिटकॉइनच्या भरवशावर! नोव्हेंबर २०२१ ला ६९,००० डॉलरजवळ असलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० च्या खाली आला होता. पुन्हा तसं झालं तर ३० चे ७ होतील. नऊ महिनेही निघणार नाहीत, आणि फी भरायची असेल त्या मुलींना.

या आठवड्यात बिटकॉइनमधले २० मोकळे करा. १० संस्थेला द्या (थेट किंवा विकून), १० विकून स्वतःच्या नावावर बँकेत. संस्थेला स्पष्ट सांगा की खात्री एकाच वर्षाची. राग येईल त्यांना, येऊ द्या. टोकन मोडायचा अर्ज आजच टाका आणि पैसे खात्यात जमा झाले तर कळवा. माझी चूक याच सदरात छापीन.