त्वचेचा कर्करोग नुसता बघून कळत असेल, तर बायोप्सी कशाला?

तुमच्या वडिलांच्या नाकावरची गाठ बघताच डॉक्टर 'बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार) वाटतोय' म्हणाले, मग बायोप्सीसाठी तुकडा काढायचा कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे तुकडे रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते, म्हणून सांगते.

डॉक्टरांचा अंदाज बहुधा बरोबरच असेल. मोत्यासारखी चकाकी, किंचित उचललेल्या कडा, वर बारीक लाल रक्तवाहिन्या आणि मध्ये पुन्हापुन्हा धरणारी खपली, एवढं दिसलं की अनुभवी त्वचारोगतज्ज्ञांच्या मनात हेच नाव आधी येतं. डर्मोस्कोपनं, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानं, बघितलं की अंदाज आणखी पक्का होतो. पण फसायलाही होतं. काळपट बेसल सेल हुबेहूब मेलानोमासारखा, म्हणजे त्वचेच्या जास्त घातक कर्करोगासारखा, दिसू शकतो, तर रंगच नसलेला मेलानोमा साध्या लालसर पुळीसारखा.

आणि नाव बरोबर निघालं तरी तेवढ्यावर भागत नाही. नोड्युलर, म्हणजे गाठीसारख्या, बेसल सेलची हद्द बऱ्यापैकी स्पष्ट असते; इन्फिल्ट्रेटिव्ह प्रकारात मात्र पेशींच्या बारीक रांगा वरून चांगल्या दिसणाऱ्या कातडीखाली पुढे सरकलेल्या असतात. नाकावर किती कापायचं, हे त्यावर ठरतं. मेलानोमात तर खोलीच सगळ्यात महत्त्वाची. तिला ब्रेस्लो जाडी म्हणतात आणि ती मिलिमीटरमध्ये मोजतात. 1 मिमीपर्यंत असेल तर भोवतीची साधारण 1 सेंमी कातडी काढतात, 2 मिमीच्या वर गेली तर 2 सेंमी. हा फरक वरून कुणालाच दिसत नाही. म्हणूनच मेलानोमाचा संशय असेल तर जमेल तिथे अख्खा डागच काढून पाठवतात. वरवर खरवडलेल्या तुकड्यात तळ सापडला नाही, तर आम्ही खोली मोजणार कशी?

बायोप्सीनं कर्करोग पसरतो ही भीती मनातून काढून टाका. कित्येकजण तिच्यापायी महिनोन्‌महिने थांबतात, आणि खरं नुकसान त्या थांबण्यानं होतं.

बायोप्सीलाही मर्यादा आहेत. पंचनं, म्हणजे गोल पात्याच्या छोट्या हत्यारानं, घेतलेला तुकडा जेमतेम 3-4 मिमीचा असतो, नेमका भाग त्यात आला नाही तर रिपोर्ट चुकीचा दिलासा देतो. त्यामुळे फॉर्मवर नुसतं 'त्वचेची गाठ' लिहिलेलं आलं की मला फार खटकतं. गाठ कुठे आहे, किती दिवसांची आहे, डॉक्टरांना कसला संशय आहे, हे त्यावर असायलाच हवं. जमलं तर फोटोही जोडायला सांगा. आणि रिपोर्टमध्ये 'कर्करोग नाही' असं आलं, पण डॉक्टरांचा संशय कायम असेल, तर दुसऱ्यांदा बायोप्सी करायला नाही म्हणू नका.