गोळी चालू असताना शॉकवेव्ह?

प्रश्न : वय ५२, राहणार ऐरोली. मधुमेह जुना. ताठरता टिकत नाही म्हणून सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) ५० मिलिग्रॅम घेतो; कधी लागू पडते, कधी नाही. ठाण्यातलं एक क्लिनिक शॉकवेव्हचं पॅकेज देतंय, ‘गोळी कायमची सुटेल’ म्हणतात. दोन्ही एकत्र चालेल?

उत्तर : चालेल, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. पण गोळी घेता कधी, ते लिहिलं नाहीत. मटण-भाकरी चापून वर घेतली, तर सिल्डेनाफिल उशिरा आणि अर्धवट लागू पडते. हलक्या पोटी, तासभर आधी घेऊन बघा. तरी जमलं नाही तर डॉक्टर डोस १०० पर्यंत नेतील किंवा रोज टाडालाफिल ५ मिलिग्रॅम देतील. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं, पॅकेजचे पैसे वाचतात.

शॉकवेव्ह म्हणजे मूतखडा फोडणाऱ्या लहरींचं अगदी सौम्य रूप. रक्तपुरवठा सुधारावा हा हेतू. काही अभ्यासांत गोळीला जोड म्हणून फायदा दिसला. तरी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये तिला प्रायोगिकच म्हटलं. मग ‘कायमची’ची हमी हे कुठून देतात? मशीन ‘फोकस्ड’ (लहरी एका जागी खोल नेणारं) की ‘रेडियल’ (वरवर पसरवणारं), तेही विचारा. रेडियल हे टाचदुखीसाठी फिजिओथेरपीत वापरतात ते.

छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल, तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल अजिबात नकोत. रक्तदाब धोकादायक घसरतो. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि हृदयाची तपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या.