दोन टर्मच्या आमदाराला पाडायचं तर मोठ्या नेत्याची सभा लावावी का?

तुम्ही विचारलंय की आमदार दोन टर्म बसलेत, आपला उमेदवार नवा आहे, एखाद्या मोठ्या नेत्याची सभा मिळाली तर निकाल फिरेल का. नाही फिरणार. बसलेला आमदार पडत नाही असं मात्र नाही. मोर्शीत २०१९ ला अनिल बोंडे कृषिमंत्री असताना देवेंद्र भुयारांकडून पडले. २०२४ ला भुयारही पडले, आणि अचलपुरात चारदा निवडून आलेले बच्चू कडूही. पण सभेचं नाव निघालं की माझं डोकं तापतं.

२०१९ ला आमच्याकडचा उमेदवार असाच नवा होता. आमचा भाग वर्धा-यवतमाळच्या सीमेवरचा, कपाशी-सोयाबीनचा. प्रचार सगळा माझ्या सख्ख्या मामाच्या हातात. माझ्याकडे आमचं गाव आणि पलीकडची दोन पोडं, म्हणजे कोलामांच्या वस्त्या. महिनाभर रोज संध्याकाळी मतदार यादी घेऊन फिरलो. लग्न होऊन गेलेल्या पोरी, पुण्याला कंपनीत लागलेले, वारलेले, सगळ्यांवर लाल पेनाने खुणा केल्या. पोडावरची एक आजी म्हणाली, "चिठ्ठी आनून दे बाबू. मांगच्या वक्ती नाव सापडलं नाई म्हून वापस आली." मी हो म्हटलं.

नाव, यादीतला क्रमांक आणि खोली लिहिलेल्या त्या मतदार चिठ्ठ्या छापून आल्या १९ ऑक्टोबरला, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी. त्याच दिवशी मामांनी सगळ्या बूथची पोरं मोटारसायकल रॅलीला तालुक्याला बोलावली. फोनवर भांडलो तर म्हणाले, "वातावरण बनवा लागते रे. चिठ्ठ्या उद्या पाठवतो." गावच्या मी स्वतः जाऊन आणल्या. पोडाच्या "पाठवल्या" म्हणाले. २१ ला मतदान, त्यात सोंगणीचे दिवस, माणसं उजाडताच वावरात. आम्ही थोडक्यात पडलो.

दिवाळीत मामांकडे गेलो. ओसरीत दिवाणाखाली युरियाचं पोतं होतं. त्यात पोडांच्या चिठ्ठ्या, रबर लावलेले गठ्ठे, एकही सुटलेला नाही. आजीची चिठ्ठी मी काढून बघितली. नंतर तिला भेटलो तर म्हणाली, "मत द्याले आली होती बाबू, खोली नाई सापडली."

मामा आजही म्हणतात, अजून एक सभा झाली असती तर निघालो असतो. मी म्हणतो, मतदान केंद्रनिहाय मतांचा नमुना २० काढा आणि पोडांचे आकडे बघा. त्यांनी अजून बघितलेले नाहीत.

तर यादीच्या प्रत्येक भागाला त्याच गावचा माणूस ठेवा, आणि शेवटच्या दोन दिवसांत त्याला कोणत्याही रॅलीला हलवू नका. मतदान वेचणीत आलं तर वावराच्या मालकांशी आधीच बोला, बायांना चारला सोडायला लावा. वेळ संपायच्या आत जो रांगेत लागला त्याला मत देता येतं, हे घरोघर सांगा. मतदारांना गाडीत भरून नेऊ नका, जिंकलेली निवडणूकही त्यावरून रद्द होऊ शकते. बूथवरच्या एजंटने १७-सी ची, म्हणजे त्या बूथवर किती मतं पडली त्या हिशेबाची, प्रत हातात पडल्याशिवाय उठायचं नाही. आणि सभेत नेत्याशेजारी उमेदवार बसला की त्या सभेचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात येतो. मर्यादा ४० लाख आहे, एका मंडपात किती जातात ते विचारून बघा.

लाट असली किंवा आपलाच बंडखोर उभा राहिला तर यादी पाठ असूनही उपयोग होत नाही, हेही खरं. २०२४ ला सोयाबीन क्विंटलला ४८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात होतं, तरी लाडक्या बहिणीचे १५०० ज्या घरात आले तिथे सोयाबीनच्या भावाचा विषय आम्हाला पुढे नेता आला नाही. आणि चिन्ह माहीत व्हायला एखादी सभा घ्या, माझी ना नाही. पण ती आधी घ्या.

तुमच्या उमेदवाराच्या चिठ्ठ्या छापून आल्यावर कोणाच्या घरी उतरणार आहेत, ते आजच विचारून ठेवा.