वडिलोपार्जित अडकित्ता, आणि 'अडकवतो म्हणून अडकित्ता'वाले

प्रश्न असा आलाय: चौथीतल्या मुलीला शाळेत 'आमच्या घरातली जुनी वस्तू' असं प्रोजेक्ट दिलं होतं. तिने आईच्या आईकडून आलेला पितळी अडकित्ता नेला आणि वहीत 'आमचा वडिलोपार्जित अडकित्ता' असं लिहिलं. टीचरने लाल पेनाने 'वडिलोपार्जित' खोडलं, का तर वस्तू आईकडून आलीये, वडिलांकडून नाही. मग बरोबर शब्द कोणता?

पोरीचाच बरोबर आहे. वडील म्हणजे बाबा हा अर्थ नंतरचा, मुळात वडील म्हणजे मोठे. प्राकृतातलं वड्ड, तेच हिंदीत बडा, पंजाबीत वड्डा. गुजरातीत आजही घरातलं कुणीही मोठं माणूस वडीलच, बाई असो की पुरुष. आपल्याकडेही वडीलधारी मंडळी म्हटल्यावर त्यात आजी येतेच की. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात 'एथ वडील जें जें करिती, तया नाम धर्मु ठेविती' आहे, तिथे गीतेतल्या 'श्रेष्ठ'ला माउलींनी वडील शब्द घातलाय, तिथे कुणाच्या बाबांचा काय संबंध? तर वडिलांनी, म्हणजे आधीच्या मोठ्यांनी, उपार्जित म्हणजे मिळवलेलं ते वडिलोपार्जित. आईची आई त्यात बसते, व्यवस्थित मांडी घालून बसते.

टीचरच्या डोक्यात बहुतेक कोर्टकचेरीतलं वडिलोपार्जित असणार. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित मालमत्ता म्हणजे बाप-आजा-पणजाकडून आलेली, आईच्या वडिलांकडून आलेली त्यात धरत नाहीत, आणि मुलीला त्यात जन्मापासून हक्क देशभर मिळाला तोच मुळी २००५ च्या दुरुस्तीने. पण अडकित्त्याला सातबारा नसतो हो.

मला खरा राग येतो तो उलट्या प्रकाराचा. रविवारी जुन्या बाजारात जायचं, घासाघीस करून तांब्याचा बंब उचलायचा, हॉलमधे ठेवून त्यात मनीप्लांट लावायचा आणि आल्यागेल्याला सांगायचं की वडिलोपार्जित आहे. अहो ते स्वोपार्जित! तोही चांगला शब्द आहे, वापरा की. आणि काही शुद्धिप्रेमी म्हणतात की 'वडील' मराठी आणि 'उपार्जित' संस्कृत, त्यांचा संधी करणं अशुद्ध, त्यांनी आधी जिल्हाधिकारी साहेबांच्या ऑफिसची पाटी बदलून दाखवावी, जिल्हा अरबी आहे.

पण प्रश्नात जो शब्द कुणीच विचारला नाही तोच खरा मजेचा आहे, अडकित्ता. एका हेरिटेज वॉकला एक दादा पोरांना सांगत होते की सुपारी त्यात अडकवून कापतात म्हणून अडकित्ता, आणि पोरं माना डोलावत होती. साफ चूक. कानडीत सुपारीला अडके म्हणतात, अडिकेही म्हणतात. झालं, सुपारी शब्दातच आहे, अडकायचं काही कारणच नाही. हा घोळ 'अडकित्त्यात सापडणे'मुळे झाला असणार, सापडला म्हणजे अडकला, इतकाच विचार. तेलुगूत अडकित्ता म्हणजे अडकत्तेर, आणि कोंडीत सापडलेल्या माणसाला तेही अडकत्तेरमधली सुपारीच म्हणतात, त्यांच्याकडे कुठाय मराठी 'अडकणे'?

आता पुढचा 'कित्ता'. इथे माझं आणि बऱ्याच जाणकारांचं पटत नाही. त्यांचं म्हणणं, कानडीत अडकत्तरी आहेच, तर कत्तरी म्हणजे कातरच, संस्कृत कर्तरी, संपला विषय. मग 'री' गेली कुठे? कातर, कात्री सगळ्यांत र टिकला आणि नेमका इथेच पळाला? माझ्या मते इथे कानडी कत्ती आहे, म्हणजे सुरी. अडके आणि कत्ती, मधला एक क गिळला, इकार एक घर मागे सरकला, शेवटी मराठी पुल्लिंगी आ लागला, की झाला अडकित्ता. कोशवाले मानोत न मानोत. पण निदान शब्द कानडी आहे एवढं तरी ते मानतात, स्पर्धा परीक्षेच्या काही गाइडांत मात्र कानडी शब्दांच्या यादीत अडकित्ता, तूप यांच्या पंगतीला चाकरी आणि लवंग बसवलेत, चाकरी फारसी आणि लवंग संस्कृत, पोरं तेच पाठ करून परीक्षा देतात!

अजून गंमत म्हणजे मल्याळममधे सुपारीला अडक्का म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याचं अरेका केलं, आणि लिनियसने १७५३ साली सुपारीच्या झाडाला अरेका कॅटेचू नाव दिलं. म्हणजे आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आणि बॉटनीचं पुस्तक भाऊबंद निघाले. हे लिहा ना प्रोजेक्टमधे, टीचर काय खोडतात बघू.

आणि मुलीला एवढी गोडी लागलीच आहे तर घरातली जुनी भांडी उलटीसुलटी करून बघायला लावा. पूर्वी भांड्यांवर नावं घालायचे, कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कधीकधी शकेसुद्धा. शके १८६८ दिसलं की ७८ मिळवायचे, १९४६ आलं, लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९, गणितही झालं. माहेरचं आडनाव बऱ्याचदा अशा एखाद्या पातेल्यावरच उरलेलं असतं, कागदोपत्री बाईचं नावच बदललेलं. बाकी नमुने बघायला पुण्यातलं केळकर संग्रहालय आहेच, दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं केलेलं, तिथे अडकित्त्यांचे एकेक आकार बघत पोरं हलत नाहीत.

हां, प्रश्न. 'पिढीजात' लिहू नका, पिढीजात धंदा असतो नाहीतर वैर असतं. 'खानदानी' सिरियलवाल्यांना राहू दे. वडिलोपार्जितच परत लिहा, सगळ्या वेलांट्या ऱ्हस्व. आणि आजीला एकदा विचारून कळवा की ती सुपारी फोडते म्हणते का कातरते. कातरते म्हणाली तर मला एकट्यालाच कळवा, कत्तरीवाल्यांना सांगायची गरज नाही.